ईव्ह ऑनलाइन खेळा, पण दळण न दळता: आठवड्याला चार-पाच तास असलेल्यांसाठी

ईव्ह ऑनलाइन हा अंतराळातल्या जहाजांचा ऑनलाइन खेळ दोन-तीन महिन्यांत सोडून देणारे लोक बहुतेक एकच कारण सांगतात: खेळ राहिला नाही, नोकरी झाली. रोज लॉगिन करायचं, त्याच लघुग्रहांच्या पट्ट्यातले तेच दगड फोडायचे, इस्क (खेळातलं चलन) मोजायचे आणि झोपायचं. हेच दळण. खेळात कष्टाची कामं पुष्कळ आहेत, यात खोटं काही नाही. पण त्यातली बहुतेक कामं तुम्हाला कुणी नेमून दिलेली नसतात. पायऱ्यांचा क्रम चुकला की ती आपोआप गळ्यात पडतात. आधी मोठं जहाज, मग त्याचा खर्च, मग खर्चासाठी कमाई, आणि खेळायचं राहूनच जातं.

खालचा क्रम आठवड्याला चार-पाच तास मिळणाऱ्यांसाठी आहे. क्रम बदलू नका, विशेषतः पहिले दोन टप्पे.

## टप्पा १: खातं उघडण्याआधी पैशांचा निर्णय

खेळ फुकट खेळता येतो, त्याला अल्फा म्हणतात. महिन्याचे पैसे भरले की ओमेगा. अल्फाला ठरावीकच जहाजं आणि स्किल्स (ती जहाजं-उपकरणं वापरायची कौशल्यं) मिळतात, शिकण्याचा वेग ओमेगाच्या निम्मा असतो आणि ५० लाख स्किल पॉइंट झाले की शिकणं थांबतं. ही मर्यादा ऐकून घाबरू नका. आठवड्याला चार तास खेळणाऱ्याला तिथे पोचायला कितीतरी महिने लागतात, आणि या लेखातलं जवळजवळ सगळं अल्फावर करता येतं.

खरा सापळा तिसऱ्या वाटेत आहे. खेळातल्या बाजारात इस्क देऊन प्लेक्स नावाची वस्तू विकत घेता येते आणि ५०० प्लेक्सला ३० दिवसांचं ओमेगा मिळतं. म्हणजे खिशातून रुपया न घालता ओमेगा. नवा खेळाडू हे वाचतो आणि पहिल्याच आठवड्यात तेच ध्येय धरतो. दळण सुरू होतं ते इथून.

हिशोब स्वतः करून बघा. प्लेक्सचा आजचा भाव घ्या, त्याला ५०० ने गुणा, आणि तासाला तुमच्या हाती खरोखर जेवढे इस्क उरतात त्याने भागा. नवख्यांचं उत्तर सहसा महिन्याच्या सगळ्या मोकळ्या तासांपेक्षा मोठं येतं. तेवढे तास घालून वाचतं काय, तर एका महिन्याची वर्गणी. परवडत असेल तर पैसे भरा, नसेल तर अल्फा राहा. मधली वाट वर्षभर विसरा.

सावधान: दुसरं खातं उघडून दोन जहाजं एकदम चालवायचा सल्ला तुम्हाला लवकरच कुणीतरी देईल. दोन खाती म्हणजे कामही दुप्पट. आत्ता नको.

एक गोष्ट मात्र खातं उघडतानाच साधून घ्या. आधीपासून खेळणाऱ्या कुणाच्या आमंत्रण-लिंकवरून खातं काढलं तर सुरुवातीलाच १० लाख स्किल पॉइंट मिळतात.

## टप्पा २: स्किलची रांग लावा

ईव्हमध्ये स्किल्स खेळून वाढत नाहीत, घड्याळावर वाढतात. रांग लावली की तुम्ही ऑफिसात असा, झोपलेले असा की गावाला गेलेले असा, शिकणं चालूच राहतं. कमी वेळ असलेल्या माणसाला याहून सोयीची व्यवस्था दुसऱ्या खेळात सहसा मिळत नाही. तरी बहुतेक जण ती चुकीची वापरतात.

चूक कुठे होते ते आकड्यांत बघा. प्रत्येक स्किलचे पाच स्तर असतात. सगळ्यात सोप्या श्रेणीच्या स्किलला चौथ्या स्तरापर्यंत मिळून ४५,२५५ पॉइंट लागतात आणि पाचव्यापर्यंत २,५६,०००. म्हणजे एकट्या पाचव्या स्तराला आधीच्या चार स्तरांच्या बेरजेच्या साडेचारपटीहून जास्त वेळ जातो, आणि फायदा बहुधा पहिल्या स्तराएवढाच होतो. बाकीची स्किल्स दुसऱ्या-तिसऱ्या स्तरावर अडली असताना एकच स्किल पाचवर नेणं म्हणजे रांग वाया घालवणं.

असं करा:

१. जुने खेळाडू ज्यांना ‘मॅजिक १४’ म्हणतात ती स्किल्स आधी घ्या. सीपीयू मॅनेजमेंट, पॉवर ग्रिड मॅनेजमेंट, कपॅसिटर मॅनेजमेंट, नेव्हिगेशन, मेकॅनिक्स, शील्ड मॅनेजमेंट वगैरे. ती कुठल्याही जहाजाला लागू पडतात, त्यामुळे पुढे बेत बदलला तरी फुकट जात नाहीत.
२. सगळी तिसऱ्या स्तरापर्यंत न्या, मग चौथ्या.
३. त्यानंतर तुमच्या आवडीच्या एकाच प्रकारच्या जहाजाची आणि शस्त्राची स्किल्स घ्या.
४. पाचवा स्तर तेव्हाच, जेव्हा तुम्हाला हवं असलेलं जहाज किंवा उपकरण त्याशिवाय उघडतच नाही.

अल्फाची रांग २४ तासांचीच असते. म्हणून रोज लॉगिन करायलाच हवं असं वाटू लागतं. वाटू देऊ नका. एखादा दिवस रांग रिकामी राहिली तर तुमचं काहीही बुडत नाही. ज्या दिवशी खेळाल त्या दिवशी निघताना लांब स्किल लावा, एवढं पुरे. रोजच्या लॉगिनची बक्षिसं आणि रोजची उद्दिष्टं यांनाही हाच नियम लावा. वाटेत मिळाली तर घ्या, पण त्यांच्यासाठी खेळ उघडू नका.

तपासा: लॉगआउट करण्याआधी रांगेत शेवटी असलेलं स्किल कधी संपतं? ते पुढच्या खेळाच्या दिवसाच्या जितकं जवळ जाईल तितकं बरं.

## टप्पा ३: करिअर एजंट, आणि मग एक ठिकाण

शिकवणी संपली की करिअर एजंटकडे पाठवलं जातं. लढाई, शोधमोहीम, उद्योग, व्यापार, सगळ्यांची छोटी कामं असतात आणि बक्षीस म्हणून जहाजं व उपकरणं मिळतात. ही मालिका तीन-चार संध्याकाळींत वाटून करा. एकाच रविवारी उरकली तर कुठलं काम आवडलं हेच कळत नाही, आणि ते कळणं हाच तिचा उपयोग आहे. कंटाळा आलेली मालिका अर्धवट सोडली तरी चालते.

नंतर घर ठरवा. हाय-सेक म्हणजे ०.५ ते १.० सुरक्षिततेच्या भागात, मोठ्या बाजारापासून चार-सहा उड्यांवरचं (एका सौरमालेतून शेजारच्या सौरमालेत जाणं म्हणजे एक उडी) स्थानक घ्या. जिता हा सगळ्यात मोठा बाजार आहे. त्यातही जिता ४, मून ४ वरचं कॅल्डारी नेव्हीचं स्थानक. अमार आणि डोडिक्सी हे त्याच्यापेक्षा लहान. सामान खेळाच्याच स्थानकात ठेवा, खेळाडूंनी बांधलेल्या ठाण्यात नको. खेळाडूंची ठाणी युद्धात पडतात. तुम्ही दोन महिने आलाच नाहीत तर सामान कुठे गेलं ते शोधत बसावं लागेल.

## टप्पा ४: वीस मिनिटांचं एक काम, तासाभराचं एक काम

इथे निवड करायची, आणि दोनच गोष्टींची. पाच-सहा प्रकारची कामं अर्धवट शिकणाऱ्याला दर वेळी नव्याने तयारी करावी लागते. त्याचा अर्धा वेळ हँगरमध्येच जातो.

वीस मिनिटांसाठी अ‍ॅबिस उत्तम. फिलामेंट नावाची वस्तू वापरली की तुम्ही वेगळ्या बंद जागेत जाता, तीन दालनं पार करायची आणि बाहेर यायचं. घड्याळ २० मिनिटांचं. तेवढ्यात बाहेर नाही आलात तर जहाज आणि पॉड (पायलटची कुपी) दोन्ही जातात. सर्वात खालच्या दोन पातळ्या, ट्रँक्विल आणि काम (Calm), कॅराकलसारख्या साध्या क्रूझरने (मध्यम आकाराच्या जहाजाने) नीट फिटिंग करून, म्हणजे योग्य उपकरणं बसवून, जमतात. दार किती वेळात मिटणार हे आधीच माहीत असल्यामुळे ‘अजून पाच मिनिटं’ करत रात्र जात नाही.

सावधान: आत असताना वीज किंवा इंटरनेट गेलं तरी घड्याळ थांबत नाही. पावसाळ्यात तुमच्याकडे वारंवार लाइट जात असेल आणि राउटर इन्व्हर्टरवर नसेल तर अ‍ॅबिस त्या दिवशी नको.

तासाभरासाठी माझं मत शोधमोहिमेला. प्रोब (शोधयंत्रं) सोडून लपलेल्या जागा शोधायच्या आणि तिथल्या पेट्या हॅक करायच्या. हेरॉन, मॅग्नेट, इमिकस किंवा प्रोब (हे एका जहाजाचंही नाव आहे) यांपैकी कुठलंही साधं फ्रिगेट, म्हणजे लहान जहाज, चालतं. जहाज स्वस्त, मिळकत चांगली, आणि मुख्य म्हणजे दोन फेऱ्या कधी सारख्या होत नाहीत. टप्पा ६ मध्ये एक फेरी सविस्तर दिली आहे.

गोष्ट वाचत खेळायला आवडत असेल तर आर्नॉन या सौरमालेत सिस्टर अलितुरा नावाच्या एजंटकडून सुरू होणारी ‘ब्लड-स्टेन्ड स्टार्स’ ही लांब मालिका घ्या. एका वेळी दोन-तीन कामं करत पुरवून खेळता येते.

खाणकामाबद्दल बरेच जण विचारतात. गप्पा मारत, गाणी ऐकत शांतपणे दगड फोडणं तुम्हाला मनापासून आवडत असेल तर जरूर करा. पण केवळ पैसे जमवायला म्हणून करू नका. दळणाचं दुसरं दार तेच.

## टप्पा ५: जहाज घेण्याचा क्रम

ईव्हमधला जुना नियम सगळ्यांना पाठ असतो: गमावणं परवडेल तेच उडवा. पाळतात कमी, कारण ‘परवडेल’ म्हणजे किती हे कुणी सांगत नाही. मी असं सांगते: फिटिंगसकट तसंच जहाज आणखी तीनदा घेता येईल एवढे इस्क शिल्लक असतील, तरच स्थानकाबाहेर काढा.

याचा परिणाम लगेच दिसतो. एकच महागडी बॅटलशिप घेऊन बसलेला माणूस ती जाईल या भीतीने स्थानकाबाहेर पडत नाही, किंवा गेली की महिनाभर भरपाई करत बसतो. पाच स्वस्त फ्रिगेट्सवाला पुढची काढतो आणि निघतो.

१. फिटिंग आधी खेळातल्याच सिम्युलेशनमध्ये तपासा. तिथे न घेतलेलं जहाजही जोडून बघता येतं.
२. फिटिंग सेव्ह करा आणि सगळे भाग एकाच फेरीत, तीन-चार जहाजांचे मिळून विकत घ्या.
३. घरी आणून लगेच जोडून ठेवा. प्रत्येक जहाजाला नाव द्या: ‘शोध १’, ‘शोध २’.
४. क्रूझर किंवा मोठं असेल तर विमा काढा. विमा फक्त जहाजाच्या सांगाड्याचा असतो. त्यावर बसवलेल्या उपकरणांचे पैसे मिळत नाहीत, हे फिटिंग महाग करताना लक्षात असू द्या.

तपासा: आत्ता जहाज फुटलं तर दुसरं घेऊन बाहेर पडायला किती वेळ लागेल? पाच मिनिटांपेक्षा जास्त लागत असेल तर तयारी अपुरी आहे.

## टप्पा ६: एका संध्याकाळचा क्रम

सर्व्हर रोज ११:०० यूटीसीला, म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेचारला थोडा वेळ बंद होतो. त्याच्या तोंडावर काही सुरू करू नका. सर्व्हर लंडनला आहे, पण खेळाचं गणित एका सेकंदाच्या ठोक्याने चालतं. त्यामुळे पुण्या-नाशिकहून खेळताना लागणारा थोडा उशीर जाणवत नाही.

आधी रांग बघा, मग विकल्या-न विकल्या गेलेल्या मालाकडे एक नजर टाका, आणि दहा मिनिटांत बाहेर पडा. बाहेर पडण्याआधी सेफ्टीचं बटण हिरवं आहे ना, ते पाहा. ते हिरवं असेपर्यंत चुकून बेकायदा हल्ला होत नाही.

आता शोधमोहिमेची फेरी:

हाय-सेकमध्ये प्रोब सोडून एखादं वर्महोल, म्हणजे दूरच्या भागात नेणारं तात्पुरतं दार, शोधा. आत जाण्याआधी त्याची माहिती उघडा. नैसर्गिक आयुष्य संपत आल्याचं लिहिलं असेल तर चार तासांहून कमी उरले आहेत, सोडून द्या. नाहीतर आत उडी मारा आणि उडी मारताक्षणी, इतर काहीही करण्याआधी, त्या दाराचा बुकमार्क करा. अर्ध्याहून अधिक नवखे इथेच अडकतात. दाराची खूण नाही म्हणून परतीची वाट नव्याने शोधत बसतात, आणि तासाच्या कामाला तीन तास होतात.

वर्महोलमध्ये लोकल चॅटमध्ये, म्हणजे त्या सौरमालेतल्या खेळाडूंच्या यादीत, कुणी बोलेपर्यंत कुणाचंही नाव दिसत नाही. म्हणून डी-स्कॅन, म्हणजे आसपासची जहाजं दाखवणारा स्कॅनर. त्याचा पल्ला १४.३ एयू (एक एयू म्हणजे पृथ्वी ते सूर्य एवढं अंतर). कुणाची जहाजं आसपास आहेत का बघा, मग प्रोब सोडा. जागेचं नाव नीट वाचा. नावात सर्पेंटिस, गुरिस्तास, एंजल, ब्लड रेडर किंवा सान्शा असेल तर ती चाच्यांची जागा, तिथे पहारा नसतो. नाव ‘फरगॉटन’ किंवा ‘अनसिक्युअर्ड’ने सुरू होत असेल तर आत स्लीपर नावाचे संगणकाने चालणारे शत्रू असतात, फ्रिगेट क्षणात जातं. ‘कोव्हर्ट रिसर्च फॅसिलिटी’लाही हात लावू नका, तिथे स्फोट होतो. चाच्यांच्या जागा सी १ ते सी ३ वर्गाच्या वर्महोलमध्ये मिळतात.

पेटी हॅक करताना एक हात कायम डी-स्कॅनवर. दर काही सेकंदांनी दाबत राहा. दुसऱ्याचे कॉम्बॅट प्रोब दिसले की कुणीतरी तुम्हालाच शोधतंय, तेव्हा हातातली पेटी अर्धवट सोडा आणि निघा. एका पेटीवर दोनदा हॅक फसलं तर ती फुटते, त्यामुळे घाईपेक्षा कडेकडेने उघडत जाणं बरं.

सावधान: लुटीची किंमत तुमच्या जहाजाच्या किमतीच्या कितीतरी पट झाली की परत फिरा. ‘अजून एकच जागा’ म्हणणाऱ्यांचीच लूट दुसऱ्याच्या जहाजात जाते.

तास संपत आला की डॉक करा. स्थानक जवळ नसेल तर सेफ लॉगऑफ वापरा, ते ३० सेकंदांचं आहे. तेवढा वेळ थांबा, खिडकी तशीच बंद करू नका.

## टप्पा ७: विक्री, आणि नंतर तिकडे न बघणं

लूट दर वेळी विकायला जाऊ नका. तीन-चार फेऱ्यांची जमू द्या आणि एकदाच बाजारात न्या.

प्रवासात ऑटोपायलट लावू नका. तो गेटच्या (पुढच्या सौरमालेत नेणाऱ्या दाराच्या) काही किलोमीटर अलीकडे उतरवतो आणि जहाज रांगत गेटपर्यंत जातं, लुटारूंना तेवढा वेळ पुरतो. हाय-सेकमध्ये कॉन्कॉर्ड, म्हणजे खेळातले पोलीस, हल्लेखोराला शिक्षा करतं, तुम्हाला वाचवत नाही. शिक्षा होईपर्यंत तुमचं जहाज फुटलेलं असतं. जिता ते डोडिक्सी वाटेवरचं उएडामा यासाठी कुप्रसिद्ध आहे.

बाजारात विक्रीची ऑर्डर ९० दिवसांची टाकता येते. तशीच टाका, सध्याच्या सर्वात कमी भावाच्या जरा खाली, आणि विसरा. भाव बदलायला दर वेळी शुल्क पडतं, आणि तासातासाला भाव बदलत बसणं हे दगड फोडण्याहून वेगळं नाही. ज्या वस्तू पटकन हव्या असतील त्या थेट खरेदीदाराच्या ऑर्डरला देऊन टाका. चार पैसे कमी येतील, संध्याकाळ वाचेल.

सावधान: जिताच्या लोकल चॅटमध्ये इस्क दुप्पट करून देणारे चोवीस तास असतात. कुणीही देत नाही.

ओमेगा असाल तर ग्रहांवरचं उत्पादन हे कमी वेळाचं चांगलं उत्पन्न. उत्खनन १४ दिवसांपर्यंतचं लावता येतं. लोक एक दिवसाचं लावतात, कारण त्यात माल जास्त निघतो, आणि रोज सहा ग्रहांवर क्लिक करत बसतात. आठवड्याचं लावा, रविवारी चहा पिताना उरका.

## टप्पा ८: माणसं

एकट्याने सहा महिने खेळून कंटाळणारे पुष्कळ बघितले आहेत. ईव्हची खरी गंमत ताफ्यात आहे. पण कॉर्पोरेशन (कॉर्प), म्हणजे खेळाडूंचा संघ, निवडताना घाई झाली तर दळण वेगळ्या नावाने परत येतं: हजेरीची सक्ती, ठरावीक मोहिमा, मध्यरात्री फोन.

अर्ज करताना तीन प्रश्न स्पष्ट विचारा. महिन्याला किती मोहिमांना यावंच लागतं? कर किती? महिनाभर आलो नाही तर काढून टाकता का? उत्तर गोलमोल आलं तर पुढची कॉर्प बघा.

वेळेचाही विचार हवा. युरोपातली गर्दीची वेळ आपल्या रात्री साडेअकरा ते अडीच. अमेरिकेची पहाटे साडेपाचपासून. रात्री नऊ ते अकरा खेळणाऱ्याने ऑस्ट्रेलिया-आशियाच्या वेळेची किंवा युरोपात लवकर ताफे काढणारी कॉर्प शोधावी. न्यू जर्सी, बे एरियातल्या मराठी खेळाडूंना अमेरिकी वेळ मिळते, त्यांची ही अडचण नाही.

शिकायचं असेल तर २००४ पासून चालू असलेली ईव्ह युनिव्हर्सिटी आहे. शोधमोहीमच आवडली असेल तर सिग्नल कार्टेल. आणि कुठेच बांधून घ्यायचं नसेल तर स्पेक्टर फ्लीट, बॉम्बर्स बार यांसारखे खुले ताफे असतात. स्वतःची कॉर्प न सोडता त्या संध्याकाळपुरतं सामील व्हायचं, लढायचं, घरी यायचं. कमी वेळवाल्यांना मी हेच आधी सुचवीन.

## टप्पा ९: मध्ये सुट्टी घ्यायची असेल तर

परीक्षा, लग्नसराई, नवी नोकरी. दोन-तीन महिने खेळ बंद राहणार असेल तर निघण्याआधी अर्धा तास द्या:

१. सगळी जहाजं आणि सामान घरच्या स्थानकात आणा.
२. विकण्यासारखं असेल ते ९० दिवसांच्या ऑर्डरवर टाका.
३. ओमेगाचे दिवस शिल्लक असतील तर ते संपेपर्यंत पुरेल एवढी रांग लावा. पाचव्या स्तराची लांब स्किल्स टाकायची हीच वेळ.
४. कॉर्पमध्ये सांगून जा.
५. वर्गणी आपोआप कापली जात असेल तर ती बंद करा.

परतल्यावर ओमेगा लगेच भरू नका. अल्फावर दोन संध्याकाळी ‘शोध १’ काढून फिरून बघा. ओमेगा असताना शिकलेली स्किल्स जात नाहीत. अल्फावर त्यातली काही वापरता येत नाहीत एवढंच, आणि पैसे भरले की ती जशीच्या तशी चालू होतात.